तपासणी नसलेली वही

आपल्या शाळेत तपासणी कशाची होत नाही? पहाटे पी.टी.च्या हजेरीपासून दिवस सुरू होतो. मग चादरीची घडी, बुटांची चमक, बेल्टचे बक्कल, केसांची लांबी, नखे, लॉकर. वर्गात गृहपाठ तपासला जातो, मैदानावर धावण्याची वेळ मोजली जाते, आणि सत्राच्या शेवटी प्रगतिपुस्तक घरी जाते. दिवसभरात कितीतरी माणसे तुमच्याकडे बारकाईने पाहत असतात. हे योग्यच आहे. शिस्त अशीच अंगात मुरते. पण तुम्हाला तपासणाऱ्यांच्या या लांबलचक यादीत एक नाव सहसा नसते, आणि ते तुमचे स्वतःचे.

या लेखात मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली तुमच्यासाठी आहे. रात्री दिवे मालवण्यापूर्वीची दहा मिनिटे आपल्या दिवसाकडे पाहण्यासाठी राखून ठेवा आणि जे दिसेल ते एका वहीत लिहा. दुसरी शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी आहे. ती वही कुणीही तपासू नये. पहिली गोष्ट सगळ्यांना लगेच पटते. दुसरीवर मात्र स्टाफरूममध्ये वाद होतो, म्हणून तिच्याबद्दल पुढे जरा सविस्तर लिहिणार आहे.

‘सर, वेळच नसतो’

हे उत्तर मला पाठ झाले आहे. दिवसाचा मिनिटन् मिनिट आखलेला असतो, त्यात आणखी दहा मिनिटे कुठून काढायची? शिवाय परीक्षा तोंडावर असताना ती दहा मिनिटे गणिताला दिली तर जास्त उपयोग होईल, असे वाटणे साहजिक आहे.

या शंकेवर आपल्याच शहरात एक प्रयोग होऊन गेला आहे. बेंगळुरूच्या विप्रो कंपनीत नव्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण चालू होते. संशोधकांनी त्यांचे गट पाडले. एका गटाला सांगितले, की दिवसाच्या शेवटची १५ मिनिटे काम थांबवा आणि आज काय शिकलात ते कागदावर लिहा. असे सलग दहा दिवस चालले. दुसऱ्या गटाने तीच १५ मिनिटे नेहमीप्रमाणे कामात घालवली. म्हणजे लिहिणाऱ्या गटाचा सराव रोज १५ मिनिटांनी कमी झाला. शेवटच्या परीक्षेत मात्र लिहिणाऱ्या गटाची कामगिरी सरासरी २२.८ टक्क्यांनी सरस ठरली. हार्वर्ड बिझनेस स्कूलने हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला.

या संशोधकांपैकी एकीच्या दुसऱ्या काही शोधनिबंधांवर पुढे गंभीर आक्षेप घेतले गेले, त्यामुळे २२.८ हा आकडा पाठ करा असे मी सांगणार नाही. एका प्रयोगावरून सगळे ठरवायचेही नसते. पण त्यातला मुद्दा मैदानावर घासून पाहता येतो. फ्री थ्रो शंभर वेळा चुकीचा मारला तर चूकच पक्की होते. चाळीस वेळा मारून, थांबून, ‘चेंडू उजवीकडे का जातोय?’ असे एकदा विचारणारा पुढे जातो. सरावाने हात तयार होतो. हात काय करतोय ते पाहायला मात्र क्षणभर थांबावे लागते.

पायलटची नोंद

आता लिहायचे काय? इथेच बहुतेक वह्या बंद पडतात. पहिल्या रात्री मुलगा लिहितो, ‘आज दिवस चांगला गेला.’ दुसऱ्या रात्री, ‘आज फार कंटाळा आला.’ तिसऱ्या रात्री, ‘उद्यापासून मन लावून अभ्यास करणार.’ चौथ्या रात्री वही उशीखाली जाते आणि तिथेच राहते. यात मुलाचा दोष नाही. नोंद कशी करायची हे त्याला कुणी दाखवलेलेच नसते.

ते दाखवणारी माणसे आपल्या शहरात आहेत. नवी विमाने आणि त्यांवरच्या यंत्रणा तपासून पाहणारी हवाई दलाची संस्था बेंगळुरूत आहे, आणि टेस्ट पायलट घडवणारी शाळाही तिथेच आहे. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ‘मरुत’ हे भारतात बनलेले लढाऊ जेट याच शहरात पहिल्यांदा आकाशात नेले. पुढे १९७० मध्ये याच विमानाच्या चाचणीत ते मृत्युमुखी पडले. एच.ए.एल.कडे जाताना ज्या सुरंजन दास रोडवरून आपली बस जाते तो त्यांच्याच नावाचा. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी ‘तेजस’चे पहिले उड्डाण केले, तेही इथूनच.

टेस्ट पायलट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धाडस येते. धाडस लागतेच, पण त्याच्या कामाचा अर्धा भाग विमान उतरल्यानंतर सुरू होतो. मांडीवर बांधलेल्या छोट्या पॅडवर त्याने हवेतच नोंदी केलेल्या असतात. खाली आल्यावर इंजिनिअरांसमोर बसून त्याला उड्डाणाचा हिशेब द्यावा लागतो. किती उंचीवर, किती वेगाला, कोणते वळण घेताना विमान थरथरले? किती सेकंद? तेव्हा आपण काय केले? ‘विमान बरे वाटले’ किंवा ‘विमान वाईट आहे’ या वाक्यांचा इंजिनिअरला काही उपयोग नाही. आणि चूक स्वतःच्या हातून झाली असेल तर तीही तितक्याच कोरडेपणाने सांगावी लागते. ती लपवली तर विमानात नसलेला दोष शोधत बसण्यात महिने जातील, किंवा असलेला दोष तसाच राहून पुढच्या पायलटच्या जिवावर बेतेल.

आपली वही अशी असावी. दोन नोंदी शेजारी ठेवून पाहा.

पहिली नोंद: ‘आज हॉकीत फार वाईट खेळलो. मी टीमला हरवले. उद्या मेहनत करीन.’

दुसरी नोंद: ‘दुसऱ्या हाफमध्ये तीन वेळा चेंडू माझ्याकडून गेला. तिन्ही वेळा मी पास द्यायच्या आधी मान वर करून पाहिलेच नव्हते. तिसऱ्या वेळी कॅप्टन ओरडला, त्यानंतर मी चेंडू मागणेच बंद केले. उद्या सरावात चेंडू येण्याआधी एकदा मान वर.’

पहिल्या नोंदीत खूप भावना आहे आणि माहिती काहीच नाही. दुसरीत मुलाने स्वतःला एकही शिवी दिलेली नाही, तरी दोन गोष्टी त्याच्या हाती लागल्या आहेत. एक खेळाची आणि एक मनाची. ओरडा खाल्ल्यावर आपण लपतो, हे त्याला दिसले. ते प्रशिक्षकाला मैदानाबाहेरून कदाचित कधीच दिसले नसते.

जगभरच्या सैन्यांत सरावानंतर असाच आढावा घेतात. काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, फरक का पडला, आणि पुढच्या वेळी काय करायचे, असे चारच प्रश्न असतात. या बैठकीत हुद्दा बाजूला ठेवून बोलायचे असते. जवानाला जे दिसले ते अधिकाऱ्याला दिसलेले नसू शकते, आणि ते बोलले गेले नाही तर सगळी तुकडी तीच चूक पुन्हा करते. रात्रीच्या वहीत अधिकारीही तुम्ही आणि जवानही तुम्हीच. जवानाला बोलू द्या.

वीस रुपये कुठे गेले?

ही पद्धत परक्यांची आहे असे कुणी समजू नये. आपल्या गावच्या किराणा दुकानदाराला पाहा. रात्री फळी लावण्यापूर्वी तो गल्ला मोजतो आणि रोजकीर्द लिहितो. वीस रुपये कमी भरले तर तो स्वतःला चोर म्हणत नाही, की ‘माझ्या नशिबातच नाही’ म्हणून कपाळाला हात लावत नाही. तो दिवस आठवतो. कुणाला उधारी दिली? सुट्टे देताना गडबड कुठे झाली? सापडले की लिहितो, दिवा मालवतो आणि झोपतो.

समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक तुमच्यापैकी अनेकांनी आजीकडून ऐकले असतील, काहींनी शाळेत पाठही केले असतील. ते २०५ श्लोक कुणाला उद्देशून आहेत हे नावातच सांगितले आहे. दुसऱ्याला उपदेश करणे सोपे असते. स्वतःच्या मनाला समोर बसवून त्याच्याशी रोज बोलायचे, ही रीत आपल्याकडे साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे आणि ती घराघरांत पोहोचलेली आहे.

दुकानदाराकडून आणखी एक गोष्ट घ्या. तो गल्ला मोजताना स्वतःला छळत नाही. काही मुले वहीला शिक्षा देणारा उस्ताद बनवतात. ‘मी आळशी आहे, मी भित्रा आहे, माझ्याने काही होणार नाही’ असे रोज लिहितात. हे आत्मपरीक्षण नव्हे, हा स्वतःलाच दिलेला रगडा आहे. ‘मी आळशी आहे’ हे वाक्य खोडा आणि लिहा, ‘प्रेपच्या पहिल्या वीस मिनिटांत मी पुस्तक उघडलेच नाही.’ आळशी माणसाचे काय करायचे हे कुणालाच ठाऊक नाही. वीस मिनिटांचे काय करायचे ते तुम्हाला उद्याच ठरवता येते.

पाच दिवसांचे पुस्तक आणि त्यामागची वर्षे

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. रोजच्या या नोंदीतून माणूस सुधारतो, हे आपण मान्य करतो. पण यातून काही निर्माण करण्याची ताकदही येते, आणि त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण एका वसतिगृहातले आहे.

१९२४ मध्ये पांडुरंग सदाशिव साने नावाचा तरुण खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून आला. पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्याच्याकडे आली. घर सोडून आलेली मुले, म्हणजे तुमच्यासारखीच. कुणाच्या पांघरुणाची घडी नाही, कुणाच्या वस्तू विखुरलेल्या. साने गुरुजी रागावण्याऐवजी स्वतःच ते सगळे आवरून ठेवत, अशी आठवण सांगितली जाते. याच वसतिगृहात त्यांनी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालवले. दैनिक म्हणजे रोज. शाळा सांभाळून, मुलांची आजारपणे सांभाळून, रोज हाताने लिहून मुलांसमोर ठेवायचे. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही सुरू केले. १९३० मध्ये त्यांनी नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, असे अठरा रविवार. बोलणारा थांबत नसतो, आणि तेव्हा रेकॉर्डर नव्हते. ती प्रवचने ऐकता ऐकता टिपून घेतली साने गुरुजींनी. आज ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्या हातात आहे ते त्यामुळे. आणि १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ तारखेच्या दरम्यान त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. पाच दिवसांत.

हे पाच दिवस आपण कौतुकाने सांगतो. ऐकणाऱ्याला वाटते, प्रतिभा अशीच वीज पडावी तशी येते. माझे म्हणणे असे, की पाच दिवस मोजताना अमळनेरची वर्षेही मोजली पाहिजेत. रोज संध्याकाळी ‘आज काय घडले आणि त्यातले मुलांना काय सांगावे’ असे स्वतःला विचारून लिहिणाऱ्या माणसाच्या मनात आठवणी गोळा होऊन, नीट लागून बसलेल्या असतात. वेळ आली की त्या ओळीने बाहेर येतात. श्यामच्या आईची प्रत्येक गोष्ट पाहा. एक प्रसंग, त्यातले श्यामचे वागणे, आईचे एखादे वाक्य, आणि त्यातून लागलेले वळण. रोजच्या चांगल्या नोंदीचाच हा आकार आहे.

‘पण आम्हाला लेखक कुठे व्हायचेय?’ असे तुमच्यापैकी अनेक जण म्हणतील. नका होऊ. पण चित्र काढणारा, बँडमध्ये वाजवणारा, वादविवादात उभा राहणारा, नकाशा वाचून वाट शोधणारा, या सगळ्यांना आधी नीट पाहावे लागते. वहीत रोज एक ओळ अशी लिहा, की आज मी काय पाहिले. फेब्रुवारी-मार्चमध्ये बेंगळुरूच्या रस्त्यांवर गुलाबी टॅबेबुया फुलतो, तेव्हा झाडावर पाने जवळजवळ नसतात, हे कितींनी पाहिले आहे? मेसमधले काका सांबार वाढताना डाव कोणत्या हातात धरतात? पाहणे हीसुद्धा सवय आहे, आणि तीही रोजच्या रोजच लागते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. तुमच्यातले बरेच जण पुढे एस.एस.बी.ला बसणार आहेत. तिथे मानसशास्त्राच्या चाचण्यांत एक चाचणी स्वतःबद्दल लिहिण्याची असते. आईवडील तुमच्याबद्दल काय म्हणतात, शिक्षक काय म्हणतात, मित्र काय म्हणतात, तुमचे स्वतःचे मत काय, आणि तुम्हाला पुढे कसे व्हायचे आहे. वेळ १५ मिनिटे. क्लासमधून पाठ करून आणलेली उत्तरे लिहिणारे उमेदवार कमी नसतात. ‘मी कष्टाळू, प्रामाणिक आणि जबाबदार आहे.’ ज्याच्याकडे चार वर्षांच्या वह्या आहेत त्याला काही पाठ करावे लागत नाही. आपण कोण आहोत हे त्याला प्रसंगांसकट ठाऊक असते. अर्थात केवळ एस.एस.बी.साठी वही लिहू नका. तसे केले की ती पुन्हा दुसऱ्या कुणासाठी लिहिली जाईल, आणि आपण पहिल्या ठिकाणी परत येऊ.

शिक्षक आणि पालक यांच्याशी थोडे

आता वादाच्या भागाकडे.

वही लिहिण्याची कल्पना निघाली की कुणीतरी सहकारी चांगल्या हेतूने म्हणतो, ‘मग नियमच करू. रविवारी हाउसमास्टरनी सगळ्या वह्या पाहून सही करावी.’ हे म्हणणे मला समजते. न तपासलेले काम मुले टाळतात, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. तरीही माझा याला विरोध आहे.

विद्यार्थिदशेत मी ज्या वसतिगृहात होतो तिथे दर शनिवारी रोजनिशी जमा होत असे. पहिल्या आठवड्यात मुलांनी काहीबाही खरे लिहिले. एकाने ‘रात्री घरची आठवण येऊन रडलो’ असे लिहिले आणि त्याला सर्वांसमोर समजुतीच्या चार गोष्टी सांगण्यात आल्या. तिसऱ्या आठवड्यापासून सगळ्यांच्या वह्यांत एकच मजकूर येऊ लागला: पहाटे उठलो, व्यायाम केला, मोठ्यांचा मान राखला, देशासाठी काहीतरी करण्याचा निश्चय केला. सह्या वेळेवर होत होत्या. अक्षरही सुधारले होते. वही मात्र मेली होती. त्याहून वाईट म्हणजे, रोज रात्री दहा मिनिटे स्वतःबद्दल खोटे लिहिण्याचा सराव आम्हाला होत होता.

स्वतःशी बोलणे दुसऱ्याच्या कानावर पडणार असेल तर ते स्वतःशी राहत नाही. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस याचे ‘मेडिटेशन्स’ आज सैनिकी अकादम्यांतही वाचले जाते. त्यातला काही भाग डॅन्यूब नदीच्या बाजूला मोहिमेवर असताना लिहिलेला आहे. लाखभर सैन्याला आज्ञा देणारा माणूस तिथे स्वतःला सांगतो आहे, की सकाळी अंथरुणातून उठायला कुरकुर करू नकोस. त्याने ते प्रकाशित करण्यासाठी लिहिले नव्हते. तसे असते तर ही कबुली त्यात सापडली नसती.

‘मग अर्धी मुले लिहिणार नाहीत.’ बरोबर आहे, नाही लिहिणार. साठांपैकी पंधरा मुलांनी खरे लिहिले, तर साठ खोट्या वह्यांपेक्षा ते मला चालेल. उरलेल्यांपैकी काही पुढच्या वर्षी सुरू करतील, काही नोकरीत लागल्यावर, काही एखाद्या अवघड रात्री. रोपटे रोज उपटून मुळे पाहत बसलो तर ते धरत नाही.

‘आणि एखादा मुलगा अडचणीत असेल तर? कुणी त्याला त्रास देत असेल तर? वही पाहिली असती तर कळले असते.’ हा प्रश्न सर्वांत गंभीर आहे आणि तो टाळायचा नाही. पण वह्या तपासल्या जातात हे माहीत असलेला मुलगा नेमके तेच वहीत लिहिणार नाही. ते कळण्याचा मार्ग एकच, की मुलाला आपल्याशी बोलावेसे वाटले पाहिजे. म्हणून छात्रांनो, इथे तुम्हाला स्पष्ट सांगतो. एकच दुःख, एकाच माणसाची भीती, किंवा ‘नको वाटते सगळे’ हे वाक्य वहीत तीन-चार दिवस पुन्हा पुन्हा आले, तर ते वहीत ठेवून गप्प बसू नका. हाउसमास्टर, मेट्रन, समुपदेशक, घरचे, ज्याच्यावर विश्वास असेल त्याच्याकडे त्याच दिवशी जा. मदत मागणे हा भित्रेपणा नाही. रेडिओवर बॅकअप मागणाऱ्या सैनिकाला कुणी भित्रा म्हणत नाही.

मग आपण शिक्षकांनी करायचे काय? तीन गोष्टी पुरेत. रात्रीची दहा मिनिटे खरोखर शांत ठेवायची. त्या वेळेत सूचना, हाका, उद्याच्या परेडची आठवण, काही नाही. वही मुलाच्या लॉकरमध्ये सुरक्षित राहील आणि किट तपासणीत ती उघडली जाणार नाही, असा शब्द द्यायचा आणि पाळायचा. आणि तिसरे, आपणही लिहायचे. अमळनेरच्या वसतिगृहात रोज हातात लेखणी घेणारे पहिले कोण होते ते आठवा. आज वर्गात माझा आवाज का चढला, कोणत्या मुलाकडे मी आठवडाभर पाहिलेच नाही, हे प्रश्न मला कोणता इन्स्पेक्टर विचारणार आहे?

पालकांना हात जोडून एवढेच सांगणे आहे. मुलगा दिवाळीच्या सुट्टीत सातारा, सांगली, लातूर, बेळगाव, जिथे असेल तिथे घरी येईल, तेव्हा त्याच्या ट्रंकेत अशी वही दिसली तर ती उघडू नका. मोह होईल. चार महिने ज्याचा फक्त रविवारचा फोन आला, त्याचे मन त्या पानांत आहे, हे तुम्हाला कळेल. तरी राहू द्या. त्याच्याशेजारी बसा, भाजी निवडायला घ्या, शेतावर सोबत न्या. तो आपणहून बोलेल. वही उघडली गेली हे त्याला एकदा कळले, तर पुढे तो लिहिणार नाही आणि बोलणारही नाही.

आज रात्रीपासून

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडे. स्टेशनरी दुकानातली शंभर पानी साधी वही घ्या, महागडी डायरी नको. महागड्या वहीत माणूस सुंदर लिहायला जातो. तारीख टाका. मग चार ओळी लिहा. आज एक गोष्ट काय घडली? तिच्यात माझा वाटा कोणता? उद्या त्याबद्दल एकच काय करीन? आणि आज मी काय पाहिले? बस. जास्त सुचले तर जास्त लिहा. एखादा दिवस चुकला तर तो भरून काढू नका, पुढच्या तारखेला सुरू करा. नाइट मार्च किंवा कॅम्प असेल तर दोन शब्द पुरेत. रविवारी सकाळी मागची सात पाने वाचा. रोज वेगळी वाटणारी चूक बहुतेक वेळा एकच असते, आणि ती सात पाने एकत्र वाचल्याशिवाय दिसत नाही.

आणि मराठीत लिहा. वर्गात इंग्रजी, बराकीत आणि मैदानावर हिंदी, बाहेर दुकानात मोडके-तोडके कन्नड. या शहरात तुमच्या वाट्याला मराठी फक्त फोनवर येते. या सगळ्या भाषा शिका, चांगल्या शिका. पण लाज, राग, आनंद, घरची ओढ यांची नावे तुम्ही पहिल्यांदा ज्या भाषेत शिकलात, तिच्यात खोटे लिहायला जरा जड जाते. कुणाची घरची भाषा कोकणी असेल, कानडी असेल, तर तिच्यात लिहा. शुद्धलेखनाचे गुण इथे नाहीत.

बारावीच्या छात्रांनो, काही महिन्यांनी तुम्ही इथून जाल. त्या आठवड्यात ‘नो ड्यूज’चा फॉर्म हातात घेऊन तुम्ही दारोदार फिराल. क्वार्टर मास्टर स्टोअरमध्ये गणवेश जमा होईल, लायब्ररीत पुस्तके जमा होतील, मेसचा हिशेब होईल, खोलीची किल्ली परत जाईल, आणि प्रत्येक ठिकाणी एक सही मिळेल. ही वही मात्र कुणीच मागणार नाही. तिच्यासाठी त्या फॉर्मवर रकाना नाही आणि तो कधी येऊही नये. ती तुमच्या ट्रंकेत तळाशी ठेवा आणि घेऊन जा.